मागांच्या शेजारची लाल गाडी

कारखान्याचं दार सरकवलं की आधी वास येतो, उजेड मागाहून. खळीचा आंबूस वास, यंत्राच्या तेलाचा करपट वास आणि या दोन्हींच्या खाली सुताचा कोरडा, नाकात हुळहुळणारा वास. माग भंगारात जाऊन सहा वर्षं झाली, पण वास काही जायचं नाव घेत नाही. मी उंबऱ्यातच उभी राहिले आणि सवयीने दोनदा शिंकले. तेव्हा कुठे मला सोलापुरात आल्यासारखं वाटलं.

घराला लागून असलेला आठ मागांचा आमचा कारखाना आता शेजारच्या दप्तरं शिवणाऱ्यांचं गोदाम होणार आहे. म्हणून पुण्याहून दोन दिवसांची रजा काढून झाडलोट करायला आले होते. मदतीला भावाची मुलगी मानसा. वय वर्षं एकोणीस. नुकतीच तिने एक जुनी, चपळ म्हणून नावाजलेली गाडी घेतलीय आणि तेव्हापासून तिला जेवण गोड लागत नाही. झाडू भिंतीला टेकवून ती फोन काढून सज्ज झाली.

"आत्या, पॉवर वाढवायची तर पहिल्यांदा काय बदलायचं? बाकी काही सांगू नको, फक्त यादी दे."

मी हसले. अशी यादी मीही एकदा मागितली होती, याच जागी उभी राहून. फरशीवर अजून तो काळा डाग आहे, ताटाएवढा. तेलाचा. तीन नंबरच्या आणि चार नंबरच्या मागाची जागा ती. ते दोन माग सगळ्यात आधी विकले गेले आणि त्या रिकाम्या जागेत माझी लाल गाडी उभी राहायला लागली. गल्ली इतकी अरुंद की बाहेर लावली असती तर दूधवाल्याला सायकल डोक्यावर घेऊन जावं लागलं असतं.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. एमआयडीसीतल्या एका ऑफिसात यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग काढायचे. गाडी दहा वर्षांची, उन्हाने लाल रंगाचा गुलाबी झालेला, दारं बंद करताना पत्र्याच्या डब्यासारखा आवाज. पण बॉनेटखाली जे इंजिन होतं, त्याच्यासाठी एके काळी कॉलेजची पोरं वेडी व्हायची. काटा लाल रेषेकडे निघाला की ती गाडी वेगळ्याच स्वरात बोलायला लागे. पहिल्यांदा तो स्वर ऐकला तेव्हा मी एकटीच गाडीत होते आणि एकटीच मोठ्याने हसले होते.

अम्माने तिला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि नान्नांनी बॉनेटवर हात ठेवला. नान्ना म्हणजे माझे वडील. घरी आम्ही तेलुगू बोलतो, गल्लीत मराठी, आणि भांडण जोरात असेल तर दोन्ही. नान्ना मालक होते आणि जॉबरही, म्हणजे मागाची दुरुस्ती करणारा कारागीर. चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्याने त्यांचे कान जवळजवळ गेले होते. त्याचं त्यांना फारसं दुःख नव्हतं. ते मागाच्या लाकडावर तळहात टेकवायचे, डोळे मिटायचे आणि आडवं सूत वाहणारा धोटा कुठे अडखळतोय ते सांगायचे. त्या दिवशी त्यांनी गाडीवर तसाच हात ठेवला, थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "बरी हाय." एवढं म्हणून चहाला गेले. मला वाटलं, यांना गाडीतलं काय कळतंय.

आता मला हवं काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचा सगळा वेडेपणा कळेल. शहराबाहेर होटगीच्या बाजूला एक बंद पडलेली सूतगिरणी होती. तिच्या मोठ्या पटांगणात दर पंधरा दिवसांनी एका रविवारी गावातली गाडीवेडी मंडळी जमायची. पत्र्याचे रिकामे पिंप मांडून रस्ता आखायचे, एकेक गाडी सोडायचे आणि घड्याळ लावून वेळ मोजायचे. एक लांब सरळ पट्टा, पाच वळणं. फेरी मिनिटाच्या आत पूर्ण करणाऱ्याचं नाव एक पेंटर गिरणीच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहायचा. अकरा नावं होती. पहिल्यांदा गेले तेव्हा मी ती सगळी वाचून काढली आणि बारावं नाव माझं असणार, असं ठरवून टाकलं. त्या दिवशी माझी फेरी एक मिनिट सहा सेकंदांत झाली. सहा सेकंद म्हणजे काय, चिमूटभर गोष्ट, असं मला वाटलं होतं.

होटगी रोडला बशीरचाचांचं गॅरेज होतं. दोन खणांचं, पुढे लिंबाचं झाड, झाडाखाली एक पितळी तांब्या आणि त्यावर उपडी झाकलेली वाटी. चाचा बारीक, पांढऱ्या दाढीचे, कानावर कायम पेन्सिल. त्यांच्याकडे मी कागद-पेन घेऊन गेले आणि म्हणाले, "चाचा, पॉवर वाढवायचीय. काय काय बदलायचं त्याची यादी द्या."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. "प्लग कब बदले थे?"

"माहीत नाही."

"ऑइल?"

"आधीच्या मालकाला माहीत असेल."

"बेटी, ये बीमार है. बीमार को दौडाते नई. पयले इसकू अच्छी कर, बाद में बात करेंगे."

आणि त्यांनी महिनाभर पॉवर वाढवणारा एकही भाग लावू दिला नाही. ऑइल बदललं, प्लग बदलले, व्हॉल्व्हची फट बसवली, रेडिएटर धुतला. त्यातून गंजाचं पाणी निघालं ते पाहून माझा चेहरा उतरला आणि चाचा खूश झाले. टायरमधली हवा रोज सकाळी मोजायची, गाडी तापायच्या आधी, असा हुकूम होता. मी ऑफिसला जायच्या आधी लुगड्याचा काचा मारल्यासारखी ओढणी कमरेला बांधून चारी चाकांपुढे बसायचे. गल्लीतल्या बायका पाण्याच्या घागरी घेऊन जाताना विचारायच्या, आज काय निघालं गं. महिन्याने पटांगणात गेले तर एक मिनिट साडेतीन सेकंद. पॉवरचा एक स्क्रूसुद्धा लावलेला नसताना अडीच सेकंद कमी झाले होते. चाचांनी पाटी काढली, शाळेतली काळी पाटी, आणि तिच्यावर खडूने वेळ लिहिली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग मोजायचं, मग लिहायचं आणि काढलेला प्रत्येक भाग चिंधीत गुंडाळून जपून ठेवायचा, हा त्यांचा नियम. पाटीच्या वरच्या कोपऱ्यात त्यांनी आणखी एक शब्द लिहून ठेवला होता, 'ब्रेक'. ब्रेकच्या पट्ट्या, ब्रेकचं तेल आणि बरे टायर झाल्याशिवाय इंजिनाला हात लावायचा नाही.

"चाचा, पण ब्रेकने पॉवर वाढत नाही."

"नई वाढत. पर तू वाढेगी. डर कम हुआ की पाँव अपने आप दबता है."

हे त्यांचं बोलणं मला तेव्हा पटलं नाही. ब्रेक झाले, टायर झाले, आणि सेकंदभर वेळ खरंच कमी झाला. पण मला यादी हवी होती. मोठाले भाग हवे होते. चकचकीत, नळ्यांचे, फोटो काढण्याजोगे.

इथून पुढचं सांगताना मी मानसाकडे बघायचं टाळलं, कारण मी एकाच आठवड्यात दोन भाग लावले. तेही चाचांना न विचारता, घरीच, मागांच्या शेजारी. एक होता मोकळा सायलेन्सर. दुसरा हवेचा फिल्टर. मूळ फिल्टर काळ्या बंद डब्यात असतो. तो डबा काढून त्या जागी उघडा, शंकूसारखा, लाल जाळीचा फिल्टर बसवला. इंजिनाला मोकळा श्वास मिळतो आणि आवाज भारी येतो, असं कुणीतरी सांगितलं होतं.

सायलेन्सरची गंमत आधी. तो बसवून मी कारखान्यातच गाडी चालू केली. सहा माग धडधडत होते. मला काहीच ऐकू आलं नाही. भाऊ म्हणाला, काही फरक नाही गं. नान्नांनी मागे हात धरून पाहिला आणि म्हणाले, "वारा लई येतोय." आम्ही निराश झालो, आवाज अगदीच मवाळ निघाला म्हणून. दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघाले आणि सात रस्त्याच्या सिग्नलला थांबून जरा पाय दाबला. आजूबाजूच्या रिक्षांतली माणसं वाकून आभाळात बघायला लागली. फुगेवाल्याच्या हातातून फुगे सुटले. ट्रॅफिकचा हवालदार शांतपणे चालत आला, खिडकीत वाकला आणि म्हणाला, "ताई, हे घरी न्हाय का ऐकलं तुमी?" त्याला मी काय सांगणार, की आमच्या घरी तोफ उडाली तरी कळत नाही. त्याने समज देऊन सोडलं आणि मी दुपारीच जुना सायलेन्सर चिंधीतून काढून परत बसवला. अम्मा तीन दिवस ही गोष्ट गल्लीत सांगत होती, दर वेळी फुगे वाढत होते.

पण फिल्टर राहिला. तो मला आवडायचा. बॉनेट उघडून मी तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे.

त्या उन्हाळ्यात सोलापूर तव्यासारखं तापलं होतं. दुपारी पत्र्याखाली माग चालवणाऱ्यांच्या बनियनवर मिठाचे नकाशे उमटायचे. अम्मा माठात वाळा टाकायची. दही-धपाटे, शेंगाचटणी, कच्चा कांदा असं जेवण व्हायचं आणि संध्याकाळी मी गाडी कारखान्यातच चालू ठेवून, मोठं दार सताड उघडून, तासन्‌तास काहीतरी जुळवत बसायचे. मरून आणि हिरव्या चादरींची मोठी ऑर्डर चालू होती. धोटे इकडून तिकडे पळायचे, हवेत तूस तरंगायची. तूस म्हणजे सुताचे बारीक तंतू. ते आमच्या घरात सगळीकडे असतात. चहावर येतात, पापण्यांवर बसतात, देवाच्या फोटोच्या कडेला साचतात. शाळेत असताना आमच्या गल्लीतली पोरं वेणीला, खांद्याला चिकटलेल्या तुसेवरून ओळखू यायची. तुसेकडे आमचं कुणाचं लक्ष जायचं नाही. ती होती, एवढंच.

आणि गाडी हळू व्हायला लागली. आधी जरा, मग चांगलीच. पटांगणातली वेळ पाटीवर वरवर चढत गेली, दोन, तीन, पाच. एक मिनिट पाच सेकंद. मी हादरले. इतके भाग लावून मी जिथून निघाले तिथेच पोचत होते. पुण्याहून एकजण आला, त्याने बॉनेट न उघडता आत बसूनच लॅपटॉप जोडून इंजिनाच्या संगणकातला हिशेब बदलून दिला. इंधन किती, ठिणगी कधी. चाचांनी प्लग पुन्हा पाहिले, ते काळे पडले होते. त्यांनी पेट्रोलचा पंप पाहिला, क्लच पाहिला. रोज सकाळी दात घासताना मला ती भिंत दिसायची आणि बारावी जागा रिकामी. नान्ना येता-जाता बॉनेटवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "तिला दम लागतोय." मी म्हणायचे, हो नान्ना. आणि पुढे काहीतरी महाग उघडून बसायचे.

तो उलगडा केला अम्माने. शनिवार होता. शनिवारी ती कारखान्यातल्या पंख्यांची पाती पुसायची, कारण आठवड्यात त्यांच्यावर तुसेच्या मिशा यायच्या. बॉनेट उघडं होतं. मी आणि चाचा इंजिनावर वाकलो होतो. चाचा मुद्दाम घरी आले होते, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. अम्मा ओला फडका घेऊन शेजारी येऊन उभी राहिली आणि बोट दाखवून म्हणाली,

"ह्या टोपीला लोकर घातलीय ती कशासाठी? थंडी वाजती का?"

आम्ही दोघांनी पाहिलं. लाल जाळीचा माझा लाडका फिल्टर लाल राहिलाच नव्हता. त्याच्यावर बोटभर जाडीचा तुसेचा थर, नमदाच, बसला होता, मऊ, दाट, आणि चक्क मरून-हिरवा. इतके दिवस मी रोज तो बघत होते आणि मला तो दिसत नव्हता. चाचांनी चिमटीत धरून एका कडेने ओढला तर टोपी काढावी तसा आख्खा निघाला. चादरीचं कापड होतं ते जवळजवळ. नुसती कड शिवायची बाकी होती.

चाचा गाडीच्या चाकाला टेकून खालीच बसले. मला वाटलं चक्कर आली. ते हसत होते. दाढीतून पाणी गळेपर्यंत हसले. "या अल्ला, मैं पेट्रोल का पंप खोल के बैठा. इने चादर बुन के दी." भाऊ हसला, मागावरचे कामगार धोटे थांबवून आले आणि हसले. नान्नांना काही ऐकू गेलं नव्हतं, पण तो नमदा हातात घेऊन त्यांनी अंगठ्याने चाचपला आणि जॉबरच्या गंभीरपणाने म्हणाले, "वीण बरी हाय." मग मात्र मी हसता हसता रडले. जगात कुठल्याही गॅरेजमध्ये ही चूक झाली नसती. सोलापूरबाहेरच्या माणसाने बॉनेट उघडून पहिल्या दिवशी ती तूस पाहिली असती.

त्यानंतर सगळं सरळ झालं. काळा डबा चिंधीतून बाहेर आला आणि परत बसला. त्याला पुढच्या जाळीपर्यंत एक जाड नळी जोडली, कारण बॉनेटखालची तापलेली हवा पातळ असते आणि इंजिनाला थंड, दाट हवा लागते. चाचांनी हे मला पाटीवर चित्र काढून समजावलं. पुण्याच्या माणसाने फोनवरूनच हिशेब पुन्हा जुळवून दिला. मग वजन. गाडी हलकी केली की आहे तीच ताकद जास्त पुरते. मागची सीट काढली. डिकी उघडली तर त्यात सूत गुंडाळलेले चार कोन, एक पाना, भावाची चप्पल आणि शेंगांचं पोतं निघालं. अम्माने ते माळशिरसच्या मावशीकडे पोचवायला गणपतीत दिलं होतं आणि मी विसरले होते. ते पोतं घेऊन मी दोनदा घड्याळाशी शर्यत लावली होती. चाचांनी पाटीवर ओळ लिहिली, 'शेंगा काढल्या', आणि पुढे वेळेची जागा मोकळी ठेवली.

आता ते गॅरेज नाही. तिथे मोबाइलचं दुकान आहे, लिंबाचं झाड तेवढं आहे. चाचा हैद्राबादला मुलाकडे असतात आणि ईदला फोन करून विचारतात की हल्ली काय चालवतेस. मी गाडीचं नाव सांगते आणि ते नाराजीने बरं म्हणतात. लाल गाडी नातेपुत्याच्या एका डाळिंबवाल्याने नेली. ती तिथे सुखात आहे, असं कळतं. गल्लीतला खडखडाट थांबलाय, त्यामुळे पहिल्यांदाच तिथल्या चिमण्या ऐकू येतात. मला ते आवडायला पाहिजे, पण मी दर वेळी दचकते. नान्ना वरच्या खोलीत दुपारची झोप काढतायत, शहात्तर वर्षांचे. मानसा झाडू विसरून उपड्या घमेल्यावर बसली होती. फोन मांडीवर पडला होता आणि त्यात यादी म्हणून अजून एकच शब्द होता, ऑइल.

"मग आलीस का मिनिटाच्या आत?" तिने विचारलं.

तो दिवाळीनंतरचा रविवार होता. सकाळची हवा थंड, इंजिनाला आवडणारी. गिरणीच्या पटांगणात वाळलेल्या गवताचा वास, पेट्रोलचा वास, कुणीतरी आणलेल्या भज्यांचा वास. प्रत्येकाला तीन फेऱ्या मिळायच्या. घरातले सगळे आले होते, अम्मा डबा घेऊन, चाचा पाटी घेऊन. नान्ना पांढरं धोतर, पांढरी टोपी घालून दोरीला धरून उभे होते.

पहिली फेरी, लाउडस्पीकर म्हणाला, एक मिनिट एक सेकंद. दुसरी, एक मिनिट आणि सेकंदाचा तिसरा हिस्सा. डोळ्याची पापणी लवते तेवढंच उरलं होतं. चाचा म्हणाले, सगळं ठीक आहे, गाडीत काही राहिलं नाही, आता जे आहे ते तुझ्यात आहे.

तेवढ्यात नान्ना आले आणि दुसऱ्या बाजूचं दार उघडून आत बसले.

"नान्ना, काय करताय?"

"सरळ पट्ट्यावर ती अडती. बाहेरनं कळंना. आत बसून बघतो."

मी मोठ्याने, तोंडाच्या हालचाली दिसतील असं बोलले, "नान्ना, तुमचं सत्तर किलो वजन. मी शेंगांचं पोतं काढलंय."

"माग चालू असताना बघायचा तर मागापाशीच उभं ऱ्हावं लागतं," ते म्हणाले आणि सीटचा पट्टा शोधायला लागले.

आयोजकांना विचारलं. हेल्मेट आणि पट्टा असेल तर शेजारी माणूस चालतो, ते म्हणाले. माझी शेवटची फेरी होती ती. पुढच्या आठवड्यात माझी ऑफिसची बदली पुण्याला होत होती, हे सगळ्यांना माहीत होतं. एकटी गेले तर कदाचित जमेल. यांना घेऊन गेले तर जमायचं नाही, हे ड्रॉइंग काढणाऱ्या बाईला आकड्यांत कळत होतं. मला राग आला, खरंच आला. मग नान्नांनी टोपी काढून घडी घालून माझ्या हातात दिली आणि कुणाचं तरी निळं हेल्मेट घातलं. ते त्यांच्या डोक्यावर इतकं मोठं दिसलं की मी वाकून त्याचा हनुवटीखालचा पट्टा घट्ट केला. टोपी मी मांडीखाली ठेवली आणि गाडी रेषेवर आणली.

झेंडा पडला. नान्नांनी डावा हात डॅशबोर्डवर टेकवला आणि डोळे मिटले. उजव्या हाताचं एक बोट माझ्या दिशेने, आडवं. पहिलं वळण, दुसरं, मग सरळ पट्टा. मी पाय दाबला, काटा चढायला लागला, तो स्वर आला, माझा लाडका स्वर, लाल रेषेजवळचा. तिथपर्यंत न्यायचं आणि मग गियर, असंच मी नेहमी करायचे. पण काटा तिथे पोचायच्या बराच आधी नान्नांचं बोट वर झालं.

मी थांबले नाही. बोट पुन्हा वर झालं, जोरात, मागावरच्या पोराला करावं तसं. मला वाटलं, गेली फेरी. आणि मी गियर टाकला.

गाडीने मागून ढकलल्यासारखी उसळी घेतली. वरच्या स्वरात नुसता आवाज होता, ताकद खालीच संपत होती. वर्षभर मी गाणं ऐकत बसले होते आणि गाडी दम टाकत होती. पुढच्या पट्ट्यावर मी काट्याकडे पाहिलंच नाही. बोट वर, गियर. बोट वर, गियर. पिंपांच्या मधून आम्ही कसे गेलो ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मला भीती वाटत नव्हती आणि शेवटच्या वळणाला मी चक्क तेलुगूत काहीतरी ओरडत होते.

रेषेपलीकडे गाडी थांबली. धूळ खाली बसली. लाउडस्पीकर खरखरला आणि म्हणाला, एकोणसाठ पूर्णांक सहा.

चाचांनी पाटी डोक्यावर धरली. अम्मा डबा टाकून धावत आली. मी बाहेर पडले. पेंटर ब्रश आणि रंगाचा डबा घेऊन समोर आला, "ताई, नाव सांगा," आणि मी माझं नाव दोनदा सांगितलं. मग मी मागे वळून नान्नांकडे पाहिलं. त्यांना काहीच ऐकू गेलं नव्हतं. मी दोन्ही हातांच्या बोटांनी दाखवलं, आधी पाच, मग नऊ. त्यांनी मान डोलावली. बोलले मात्र दुसरंच.

"चौथ्या वळणाला ब्रेक लौकर दाबतीस. अजून एकदा जाऊ."

"नान्ना, संपलं. तीनच फेऱ्या असतात."

"कुणाला विचारायचं?"

मी आयोजकांच्या टेबलाकडे बोट दाखवलं, गमतीत. ऑर्डर नसताना व्यापाऱ्याच्या दारात उभं राहायला लागू नये म्हणून महिना महिना माग बंद ठेवणारे, लग्नघरी दुसऱ्यांदा भात मागायलाही लाजणारे माझे वडील गाडीतून उतरले, धोतर सावरलं आणि आख्खं पटांगण ओलांडून मागायला निघाले, हेल्मेट घालूनच.